उधारीची यादी आणि संगणकाचा फेरा

कापडाच्या धंद्यात रोख कमी आणि उधारी जास्त. भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, ग्रे कापडाचे ताके आज उचलले जातात आणि पैसे दीड-दोन महिन्यांनी येतात. पूर्वी ही उधारी लाल कापडाच्या वहीत असे. मुनीमजी संध्याकाळी एकेका ओळीवरून बोट फिरवीत आणि कोणाकडे तगादा लावायचा ते सांगत. आता आपल्यापैकी पुष्कळांच्या गाळ्यावर संगणक आला, त्यात एक्सेल आले, तरी बोट फिरवण्याचे काम अजून माणूसच करतो. हे कामही संगणकाकडून करून घेता येते. एक्सेलला लिहून दिलेल्या अशा हुकुमाला मॅक्रो म्हणतात, आणि ओळीमागून ओळ तपासत जाण्याला लूप. मी त्याला फेरा म्हणतो.

माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले, इंग्रजी कामापुरतीच येते. तेव्हा हे फार शिकलेल्यांचे काम आहे, असे कोणी समजू नये. एक्सेलमध्ये १९९३ पासून व्हिज्युअल बेसिक नावाची भाषा आहे. आपल्या उपयोगाचे तिचे शब्द वीस-पंचवीसपेक्षा जास्त नाहीत.

प्रथम यादी नीट मांडावी. पहिल्या ओळीत मथळे. ए रकान्यात पार्टीचे नाव, बी मध्ये माल दिल्याची तारीख, सी मध्ये बिलाची रक्कम, डी मध्ये आलेली रक्कम आणि ई रकाना मोकळा. मध्ये रिकाम्या ओळी सोडू नयेत, सेल एकमेकांना जोडू नयेत. आता आल्ट आणि एफ ११ ही बटणे एकत्र दाबावीत, इन्सर्टमधून मोड्यूल घ्यावे आणि पुढील मजकूर लिहावा. इथे शब्द उच्चाराप्रमाणे दिले आहेत. संगणकावर ते रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत लिहायचे. अवतरण चिन्हातले शब्दही रोमनमध्येच ठेवावेत, कारण त्या खिडकीत देवनागरी अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात.

सब थकबाकी()
डिम आर ॲज लाँग, शेवट ॲज लाँग
शेवट = सेल्स(रोज.काउंट, १).एंड(एक्सएलअप).रो
फॉर आर = २ टू शेवट
सेल्स(आर, ५).व्हॅल्यू = ""
इफ सेल्स(आर, ३).व्हॅल्यू - सेल्स(आर, ४).व्हॅल्यू > ० अँड डेट - सेल्स(आर, २).व्हॅल्यू > ४५ देन
सेल्स(आर, ५).व्हॅल्यू = "थकीत"
एंड इफ
नेक्स्ट आर
एंड सब

'आर' म्हणजे मुनीमजींचे बोट. 'शेवट' म्हणजे शेवटची भरलेली ओळ. ती शोधण्यासाठी एक्सेल पानाच्या तळापासून वर येते आणि पहिले नाव दिसताच थांबते. (इथला 'रोज' म्हणजे ओळी, दररोज नव्हे. मी पहिल्यांदा तसेच समजलो होतो.) 'फॉर' पासून 'नेक्स्ट' पर्यंतचा मजकूर प्रत्येक ओळीसाठी पुन्हा पुन्हा चालतो. सेल्सच्या कंसात पहिला आकडा ओळीचा, दुसरा रकान्याचा. बिलातून आलेली रक्कम वजा केली, काही उरले आणि आजच्या तारखेपर्यंत ४५ दिवसांच्या वर झाले, तर ई रकान्यात 'थकीत' लिहिले जाते. अगोदर तो सेल पुसून घेतला आहे, नाहीतर मागच्या महिन्याचा 'थकीत' पैसे आल्यावरही तसाच राहतो.

४५ हा आकडा मी उगीच घेतला नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे अशा लहान उत्पादकाचे पैसे, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. म्हणून बी रकान्यात बिलाची तारीख न लिहिता चलनावर सही झाल्याची लिहावी. आम्हा निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांना त्या तरतुदीचा आधार नाही. २०२१ साली व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली ती अग्रक्रमाच्या कर्जापुरतीच. पण मागवाल्याला आधार आहे. तेव्हा हाच मॅक्रो आपण मागवाल्यांना जे देणे लागतो त्या यादीवरही चालवून पाहावा.

आता माझी चूक सांगतो. यादी लांबली म्हणून पैसे आलेल्या ओळी काढून टाकण्याचा मॅक्रो मी लिहिला. सी वजा डी शून्य आले की ओळ 'डिलीट'. फेरा वरून खाली, वरच्यासारखाच. मॅक्रो चालला, यादी आखूड झाली, मी खूश. राहिलेल्या नावांना मुलाने तगाद्याची पत्रे पाठवली. तिसऱ्या दिवशी एक जुने गिऱ्हाईक स्वतः गाळ्यावर आले. पंचवीस वर्षांचा व्यवहार, कधी एक दिवस उशीर नाही. त्यांनी बँकेची पावती माझ्यापुढे ठेवली आणि एवढेच म्हणाले, "शेठ, आता आमच्यावर भरोसा उरला नाही का?" चहाही न घेता गेले. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी माफ केले, पण पुढचा माल रोखीने नेला. ते मला उधारी बुडण्यापेक्षा जास्त लागले.

घोळ कुठे झाला तो भाच्याने दाखवला. समजा सातवी ओळ काढली, तर आठवी वर सरकून सातवी होते. बोट मात्र पुढे आठवर जाते. सरकून आलेली ओळ कोणी तपासतच नाही. त्या गृहस्थांची दोन बिले लागोपाठ होती, दोन्हींचे पैसे आलेले. पहिले निघाले, दुसरे राहिले. "मामू, खोदताना खालून वर या," भाचा म्हणाला. उपाय एका ओळीचा आहे :

फॉर आर = शेवट टू २ स्टेप -१

खालून वर येताना जी ओळ सरकते ती आधीच तपासलेली असते. आता तर मी ओळी काढतच नाही, फक्त खूण करतो आणि फिल्टर लावतो.

दुसरा धोका आकड्यांचा. आपल्याला रकमेपुढे रेघा मारण्याची सवय आहे : १२,५००/-. एक्सेलच्या दृष्टीने ही रक्कम नव्हे, मजकूर झाला. वजाबाकी करताना मॅक्रो 'टाइप मिसमॅच' म्हणून तिथेच अडतो. हे एका अर्थी बरेच, अडला म्हणजे कळते तरी. तारीख रिकामी राहिली तर तो अडतही नाही. रिकामा सेल शून्य धरला जातो, शून्यापासून आजपर्यंत चाळीस हजारांवर दिवस भरतात, आणि काल माल नेलेला माणूस थकबाकीदार ठरतो. म्हणून 'इफ' च्या आधी तपासणी घालावी : टाइपनेम(सेल्स(आर, २).व्हॅल्यू) हे "डेट" नसेल, किंवा सी अथवा डी रकान्यावर इझन्यूमेरिक खोटे निघाले, तर ई रकान्यात "तपासा" लिहावे आणि पुढची वजाबाकी 'एल्स' खाली ठेवावी. ओळखण्याची साधी खूण अशी की रकाना आपण स्वतः सरकवला नसेल, तर खरी तारीख आणि खरा आकडा सेलच्या उजव्या कडेला लागतो, मजकूर डाव्या.

'लाँग' ऐवजी काही पुस्तकांत 'इंटिजर' लिहिलेले सापडेल. त्याची मजल ३२,७६७ पर्यंतच. पुढच्या ओळीला 'ओव्हरफ्लो' येतो. २००७ पासून एक्सेलच्या पानात १०,४८,५७६ ओळी आहेत. लाँगच घ्यावा.

मॅक्रोने केलेले काम अनडूने मागे येत नाही, हे मला त्या पत्रांच्या वेळी कळले. चालवण्यापूर्वी फाइलची नक्कल करावी, आणि नवा मॅक्रो प्रथम दहा ओळींच्या नकलेवर एफ ८ दाबत एकेक पाऊल चालवून पाहावा. फाइल एक्सएलएसएम प्रकारात जतन करावी, साध्या प्रकारात मॅक्रो गळून जातो. दुसऱ्याने पाठवलेल्या फाइलमधला मॅक्रो सुरू करू नये. १९९९ चा मेलिसा विषाणू वर्डच्या मॅक्रोतूनच पसरला होता. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींचे मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हा लाल पट्टी दिसली तर फाइल बिघडली असे समजू नये.

माझ्याकडे आता मॅक्रो चालल्यावर मुनीमजी थकीत रकमांची बेरीज कॅल्क्युलेटरवर वेगळी करतात, आणि दोन्ही आकडे जुळल्याशिवाय एकही पत्र गाळ्याबाहेर जात नाही.