वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य आणि कोल्हापूरचा खटला

मराठीतील पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केले. त्या काळी मुंबई इलाख्यात सरकारी परवान्यावाचून वृत्तपत्र काढता येत नसे. १८३५ मध्ये मेटकाफ यांनी हे बंधन उठविले. मुद्रक व प्रकाशक यांनी आपले नाव व ठिकाण दंडाधिकाऱ्यापुढे जाहीर केले म्हणजे पुरे होई. पुढे छापखाने जिल्ह्यांच्या ठिकाणी पोहोचले. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे. तेथे १८६३ मध्ये ‘बेळगाव समाचार’ निघू लागले.

१८७८ मध्ये लॉर्ड लिटन यांच्या सरकारने केवळ देशी भाषांतील पत्रांसाठी कायदा केला. त्यान्वये मुद्रकाकडून जामीन घेता येई व त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नसे. इंग्रजी पत्रांस मात्र तो लागू नव्हता. इंग्रजीत निर्धोक असलेला मजकूर मराठीत उतरताच धोक्याचा ठरावा, असा हा न्याय! लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत, १८८२ च्या आरंभी, तो रद्द झाला.

परंतु त्याच वर्षी निपाणीच्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानावरून एक मोठा खटला उभा राहिला. तेथील तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याचे ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी लिहिले, व दिवाण माधवराव बर्वे यांची म्हणून काही पत्रे प्रमाण मानली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ती पत्रे बनावट ठरली. टिळक व आगरकर यांनी माफी मागितली, तरी प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झालीच. पैकी १०१ दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढले. खटल्याच्या वेळी जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे हे जामीन राहिले होते. मतभेद असूनही हे घडले, ही गोष्ट शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावी.

हेतू शुद्ध असला तरी हाती आलेला कागद पारखून घेण्यात संपादक चुकले, हे मान्य केले पाहिजे. पण मूळ प्रश्न कागदांपुरता नव्हता. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगर येथे देखरेखीत ठेवलेल्या महाराजांचा, गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, मृत्यू झाला.