उताराच्या शेताची मोजणी : कर्ण आणि पाया

जामखेड तालुक्यात बालाघाटच्या रांगांलगत पुष्कळ शेते उताराची आहेत. अशा शेताची वाटणी होते तेव्हा जमिनीलगत टेप ताणून मोजण्याचा प्रघात आहे. मग उताराकडील हिस्सा कागदापेक्षा अधिक भरतो, आणि त्या भावावर जमीन दाबल्याचा आळ येतो. वास्तविक चूक मोजण्याच्या रीतीत असते.

नकाशात व सात-बारावर नोंदलेले क्षेत्र आडव्या पातळीवरचे असते. उतारावर ताणलेला टेप हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण होय. दोन्ही टोकांच्या पातळीतील फरक ही उंची आणि नकाशातील अंतर हा पाया. पाया जमिनीवर कोठे दिसत नाही, तो काढावा लागतो. कर्णाच्या वर्गातून उंचीचा वर्ग वजा करून बाकीचे वर्गमूळ घ्यावे.

समजा, उतारावरील माप ४१ मीटर भरले व पातळीतील फरक ९ मीटर आहे. ४१ चा वर्ग १६८१, ९ चा वर्ग ८१. बाकी १६००, म्हणजे पाया ४० मीटर. शेताची दुसरी बाजू सपाटीची ५० मीटर असेल तर खरे क्षेत्र २० आर होते. कर्णच रुंदी म्हणून धरल्यास ते साडेवीस आर भासते. हा अर्धा आर कोणी दाबलेला नसतो.

पातळीतील फरक काढण्यास पारदर्शक नळीत पाणी भरून वापरावे. नळीत बुडबुडा राहू देऊ नये. उतार सारखा नसेल तर टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याचा पाया स्वतंत्र काढावा व मग बेरीज करावी. आकडेमोड नको असल्यास टेप आडवा धरून, टोकापासून ओळंबा सोडून, पायरीपायरीने खाली उतरत मोजावे. यास दोन माणसे लागतात, आणि ती दोन्ही हिश्शांची असलेली बरी.

मात्र प्रत्येक तफावतीस उतार कारण नव्हे. १०० मीटरच्या कर्णात १ मीटर उतार असल्यास फरक जेमतेम अर्धा सेंटिमीटर पडतो. १० मीटर उतार असल्यास अर्धा मीटर. सपाट रानात हातभर तफावत आली तर रीतसर सरकारी मोजणीच मागावी.

कुंपणाची तार घेताना हिशेब उलटा धरावा. तार जमिनीलगत जाते, म्हणून तेथे ४० नव्हे, ४१ मीटरच लागते.