ब्रेकचे पेडल कडक का होते? व्हॅक्यूम बूस्टरची परीक्षा व निगा

शेतमाल बाजारपेठेत पोहोचविण्याच्या कामी बैलगाडीची जागा आता बहुतेक ठिकाणी लहान पिकअप गाडीने घेतली आहे. जुन्नर-ओतूर भागातील भाजीपाला माळशेज घाटाने कल्याणकडे जातो. नाशिक भागातील माल कसारा घाटाने मुंबईकडे उतरतो. भरलेली गाडी घाट उतरत असता नेहमी सहज दबणारे ब्रेकचे पेडल एकाएकी दगडासारखे कडक झाले, तर चालक गोंधळून जातो व ब्रेक गेले असे समजतो. वस्तुतः अशा वेळी ब्रेक गेलेले नसतात; पायाला मिळणारी मदत बंद झालेली असते. ही मदत कोठून येते, ती का नाहीशी होते आणि तिचा दोष माल भरण्यापूर्वीच कसा ओळखावा, ह्याची माहिती गाडी बाळगणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यास असणे आवश्यक आहे.

येथे दिलेली माहिती पिकअप, जीप व मोटारगाडी ह्यांच्यापुरती आहे. मोठ्या मालट्रकांचे ब्रेक दाबाच्या हवेवर चालतात व ट्रॅक्टरला सहसा असा बूस्टर नसतो.

बूस्टरची रचना व कार्य

पेडल आणि मास्टर सिलिंडर ह्यांच्यामध्ये, दोन पराती तोंडाला तोंड लावून जोडाव्यात तसा, पत्र्याचा एक गोल डबा बसविलेला असतो. हाच बूस्टर होय. त्याच्या आत रबरी पडदा असून त्यामुळे डब्याचे दोन कप्पे होतात. इंजिन चालू असताना दोन्ही कप्प्यांतील बरीचशी हवा शोषून घेतली जाते. पेडल दाबताच एक लहान झडप उघडून पेडलच्या बाजूच्या कप्प्यात बाहेरची हवा शिरते. पुढच्या कप्प्यात मात्र निर्वातच असते. त्यामुळे बाहेरच्या हवेचा दाब पडद्याला पुढे ढकलतो.

हे बळ किती असते, ते हिशेबाने पाहावे. २० सेंटीमीटर व्यासाच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटीमीटर भरते. दोन कप्प्यांतील दाबाचा फरक दर चौरस सेंटीमीटरला ०.७ किलोग्रॅम धरला, तर पडद्यावर सुमारे २२० किलोग्रॅम जोर मिळतो. हा जोर बंद झाला म्हणजे सर्व भार चालकाच्या एकट्या पायावर येतो.

पेट्रोल इंजिनात हवा आत घेणाऱ्या नळीतून ही ओढ मिळते. डिझेल इंजिनात तशी पुरेशी ओढ निर्माण होत नाही, म्हणून स्वतंत्र व्हॅक्यूम पंप बसवितात. अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे जोडलेला असून पट्ट्यावर फिरतो. पंपापासून बूस्टरपर्यंत रबरी नळी जाते व तिच्यात एकाच दिशेने हवा जाऊ देणारी झडप असते. ह्या झडपेमुळे इंजिन बंद पडले तरी दोन-तीन वेळा ब्रेक लावण्यापुरते निर्वात शिल्लक राहते.

घरच्या घरी करावयाच्या चाचण्या

गाडी सपाट जागेवर उभी करून चाकांना उटी लावावी व गिअर न्यूट्रल ठेवावा.

१. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे. ते कडक झाले की तसेच दाबून धरावे व इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेल्यास बूस्टरला निर्वात मिळत आहे असे समजावे. ते जागचे हलले नाही, तर दोष आहे.

२. इंजिन दोन मिनिटे चालवून बंद करावे. नंतर थांबून थांबून पेडल दाबावे. पहिल्या खेपेस ते खोल जाऊन पुढील प्रत्येक खेपेस कमी कमी जावे. पहिल्या खेपेसच कडक लागल्यास एकदिशा झडप, नळी किंवा बूस्टर हवा राखत नाही.

३. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरावे व तसेच धरून इंजिन बंद करावे. अर्ध्या मिनिटात पेडल पायाला वर ढकलू लागल्यास निर्वात गळत आहे.

दोष कोठे शोधावा

प्रथम रबरी नळी पाहावी. ती चिरलेली, सैल झालेली किंवा आतून फुगून बुजलेली असू शकते. धान्याच्या कोठाराजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीची नळी उंदीर कुरतडतात, हेही ध्यानात ठेवावे. इंजिन चालू ठेवून नळीचे बूस्टरकडील टोक काढावे व त्यावर बोट ठेवावे. बोट जोराने ओढले गेले, तर पंप व नळी ठीक आहेत. हे करताना धोतर, उपरणे किंवा सैल बाही फिरत्या पट्ट्याजवळ जाऊ देऊ नये.

ओढ लागली नाही, तर पट्टा व पंप तपासावा. पंप अल्टरनेटरवर असलेल्या गाडीत पेडल कडक होऊन त्याच वेळी बॅटरीचा लाल दिवाही लागल्यास पट्टा तुटला किंवा सैल झाला असण्याचा संभव अधिक.

एकदिशा झडप काढून तोंडाने फुंकून पाहावी. बूस्टरच्या बाजूने फुंकल्यास हवा जावी, उलट बाजूने जाऊ नये. दोन्हीकडून गेल्यास किंवा कोठूनही न गेल्यास झडप बदलावी.

पेडल दाबताना सतत सुसकाऱ्यासारखा आवाज येत राहिल्यास बूस्टरचा पडदा किंवा आतील झडप निकामी झालेली असते. ब्रेक ऑइल कमी होत असून बाहेर कोठेही गळती दिसत नसेल, तर ते बूस्टरमध्ये उतरत असण्याची शंका घ्यावी. ही दोन्ही कामे जाणत्या मिस्त्रीकडूनच करवून घ्यावीत.

नळीच्या जागी ठिबक सिंचनाची नळी किंवा सायकलची ट्यूब बांधू नये. ती ओढीने चपटी होते. ब्रेक ऑइलच्या टाकीत इंजिन ऑइल वा डिझेल मुळीच घालू नये. त्याने आतील रबर फुगून सर्व यंत्रणा निकामी होते.

पेडल मऊ लागून दबत असेल, तर तो दोष निराळा. तेथे ऑइलमध्ये हवा शिरलेली असते. बूस्टर ठीक असूनही पेडल कडक असल्यास गंजलेला सांधा किंवा अडकलेला चाकाचा सिलिंडर पाहावा.

घाटातील घातक सवय

गाडीत कोणताही दोष नसतानाही पेडल कडक होऊ शकते, आणि त्यास चालक स्वतः कारण असतो. डिझेल वाचविण्यासाठी काही जण उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडतात. इंजिन थांबले की पंप थांबतो. दोन-तीन वेळा ब्रेक दाबताच साठलेले निर्वात संपते. गिअरचा अटकावही राहत नाही. शिवाय किल्ली पूर्ण फिरल्यास स्टिअरिंग अडकण्याचे भय असते. ह्यात बचतही नाही, कारण गाडी गिअरमध्ये उतरत असून अॅक्सिलरेटर सोडलेला असता इंजिनाला डिझेलचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये, इंजिन चालू ठेवून तो उतरावा.

वाटेत पेडल कडक झाल्यास

पेडल पुनःपुन्हा दाबू व सोडू नये. प्रत्येक वेळी उरलेली मदत खर्च होते. एकदाच, सर्व जोर लावून, वाटल्यास दोन्ही पायांनी दाबून धरावे. गिअर एकेक करून खाली आणावा व हातब्रेक बेताबेताने ओढावा. गाडी थांबल्यावर चाकांना दगड लावावेत व दोष निघेपर्यंत पुढे जाऊ नये. नाशवंत मालाचे नुकसान होईल हे खरे; परंतु तो माल पुन्हा पिकविता येतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी भाजीपाल्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील गाड्या एकत्र बोलावून वरील तीन चाचण्या चालकांकडूनच करवून घ्याव्यात. त्यास हत्यार लागत नाही व खर्चही येत नाही. शेतकरी बंधूंनीही माल भरण्यापूर्वी पहिली चाचणी नित्य करण्याचा परिपाठ ठेवावा.