अंड्यावाचून अंड्याचे काम

इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड नावाचा एक औषधविक्रेता राहत असे. त्याच्या पत्नीस अंडे सोसत नसे. आणि दूध, साखर व अंडी यांचे कस्टर्ड तर तिकडील घरोघरचा पदार्थ! १८३७ साली बर्डने अंड्याऐवजी मक्याचे सत्त्व वापरून कस्टर्ड तयार केले. आपल्याकडे फळांत घालावयाच्या कस्टर्डसाठी मिळणारी पूड ती त्याच जातीची.

मक्याचे सत्त्व दुधात शिजले म्हणजे त्यातील पिष्टकण पाणी शोषून फुगतात व दूध दाट होते. अंड्यानेही दूध दाटते, परंतु त्याची रीत निराळी. उष्णतेने अंड्यातील प्रथिनांचे गुंडाळलेले धागे उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि त्या जाळ्यात पाणी अडकून राहते. पर्याय शोधताना म्हणूनच प्रथम पाहावे लागते, की अंड्याचे कोणते काम करून हवे आहे. पीठ बांधून ठेवण्यास पाण्यात भिजविलेली जवसाची पूड चालते. काबुली चणे शिजवून उरलेले दाट पाणी घुसळले असता पांढऱ्या बलकासारखा शुभ्र फेस येतो. फ्रान्समधील जोएल रोसेल यांनी २०१४ साली हे दाखवून दिले.

मात्र फेस पाहून पोषणाचा अंदाज करू नये. पन्नास ग्रॅमांच्या अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. चण्याच्या त्या पाण्यात ती अगदीच थोडी. कस्टर्डच्या पुडीत तर जवळजवळ सारे पिष्टच. वाटीतील पोषण येते ते दुधाचे. डाळीचे पीठ येथे खरे सरस. शंभर ग्रॅम बेसनात सुमारे बावीस ग्रॅम प्रथिने असतात. बेसनाच्या धिरड्यास आपण 'टोमॅटो ऑमलेट' म्हणतो. त्यात अंड्याचा अंशही नसतो, नाव तेवढे ऑमलेटचे! अमेरिकेत मुगातील प्रथिने वेगळी काढून, त्यांत तेल व रंगासाठी हळद मिसळून केलेले द्रवही बाटलीतून मिळते. ते तव्यावर अंड्यासारखेच गोठते.

याउलट तिकडे 'अंड्याचा पर्याय' म्हणून विकले जाणारे काही पदार्थ मुख्यतः पांढऱ्या बलकाचेच असतात. पिवळा बलक टाळणाऱ्यास ते ठीक. परंतु बर्डच्या पत्नीसारख्या व्यक्तीस ते घातक ठरतील. वेष्टनावरील घटकांची यादी वाचल्यावाचून हा भेद कळत नाही.

अंड्यातील ब-१२ जीवनसत्त्व डाळींत नसते. ते दुधातून मिळते, आणि जो दूधही घेत नाही त्यास ते निराळे घ्यावे लागते. डाळींच्या प्रथिनांत मेथिओनिन नावाचे अमिनो आम्लही उणे असते. ती उणीव मात्र सोबतची भाकरी किंवा भात भरून काढतो.