नवी आवृत्ती कीं जुनी ?

पाडेगांव येथील ऊस संशोधन केंद्र आपल्या सातारा जिल्ह्यांतच आहे. तेथून १९९६ सालीं प्रसारित झालेलें को ८६०३२ हें वाण सातारा-सांगलीकडील पुष्कळ शेतकरी आजही लावतात, मागाहून नवीं वाणें आलीं तरी. संगणकाच्या प्रोग्रामांचेंही असेंच आहे. डेबियन हा लिनक्सचा एक विनामूल्य संच. त्यांतील हजारों प्रोग्राम निरनिराळे लोक लिहितात. त्यांपैकीं कोणाची कोणती आवृत्ती पॅकेज करून लोकांस द्यावयाची, हें स्वयंसेवक ठरवितात.

फाइली दाबून लहान करणारा एक्सझेड हा असाच एक प्रोग्राम. २०२४ च्या फेब्रुवारींत त्याची ५.६.० व मार्चमध्यें ५.६.१ ही आवृत्ती निघाली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरच्या संगणकांत प्रवेश करतांना सुमारें अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचें दिसलें. अर्ध्या सेकंदाकडे कोण लक्ष देतो ! त्यांनीं मात्र मूळ शोधलें, आणि २९ मार्च रोजीं उघड केलें कीं या दोन्ही आवृत्त्यांत मुद्दाम चोरवाट ठेविलेली आहे. ती ठेवणारा ‘जिया टॅन’ या नांवानें दोन वर्षांहून अधिक काळ काम करून विश्वास संपादन करून बसला होता.

आतां मागें जावयाचें, पण कोठवर ? ५.४ मध्येंही त्याच हाताचें काम होतें. म्हणून कित्येकांचें मत पडलें कीं त्याचा स्पर्श होण्यापूर्वींची प्रत घ्यावी. परंतु मधल्या काळांत आलेल्या सोयींवर इतर प्रोग्राम विसंबूं लागले होते. फार मागें गेल्यास तेच मोडले असते. डेबियननें ५.४.५ निवडली.

येथें एक मौजेची अडचण आली. संगणक मोठा आंकडा तोच नवा समजतो, ज्यांनीं ५.६.१ घेतली होती त्यांच्या यंत्रांनीं ५.४.५ आपण होऊन स्वीकारली नसती. म्हणून पॅकेजला नांव दिलें ‘५.६.१+रिअली५.४.५-१’, म्हणजे वरून ५.६.१, खरी ५.४.५. नांव ओबडधोबड खरें, पण आंत काय आहे तें लपवीत नाहीं. मला तें आवडतें.

डेबियनची स्थिर शाखा वापरणारांपर्यंत ही चोरवाट पोंचलीच नव्हती, कारण त्या शाखेंत नव्या आवृत्त्या सहसा घेत नाहींत. चोरवाट काढून टाकलेली ५.६.२ ही आवृत्ती मूळ लेखक लासे कॉलिन यांनीं २९ मे २०२४ रोजीं प्रसिद्ध केली.