उद्योगाची चाल कशी ओळखावी ?

कोणतेंही मोठें काम आरंभितांना मनुष्याच्या ठिकाणीं उत्साह असतो, व तें संपल्यावर हिशेब पाहण्याची उत्सुकताही असते. परंतु आरंभ आणि शेवट ह्यांच्या मधल्या दीर्घ काळांत काम ठरल्या वाटेनें चाललें आहे कीं नाहीं, हें पाहणारे थोडे. पुष्कळ उद्योग बिघडतात ते ह्याच मधल्या काळांत. मालकास मात्र बातमी शेवटीं कळते. बैल गेल्यावर झोपा करण्यांत अर्थ नाहीं, असें आपण सारेच म्हणतों. मग बैल गोठ्यांत असतांनाच सावध कसें राहावें, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे.

ह्यासाठीं दूरचें उदाहरण नको. आपल्या जुन्नर तालुक्यांतील नारायणगांवच्या परिसरांत विद्यार्थ्यांनीं द्राक्षबागा पाहिल्याच असतील. द्राक्षबाग हा केवळ शेतीचा विषय नव्हे. भांडवल, कर्ज, मजुरी, वेळ व बाजार ह्या साऱ्यांची सांगड घालणारा तो एक पुरा व्यापारी उद्योगच होय. त्यांत पीक वर्षांतून एकदांच हातीं येतें. म्हणून एका हंगामांतील चूक त्याच हंगामांत सुधारली नाहीं, तर वर्षभर भोगावी लागते.

पहिली गोष्ट म्हणजे दिवसांची गणना. द्राक्षवेलीची छाटणी वर्षांतून दोनदां होते : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. फळछाटणीचा दिवस हाच आरंभ धरून जाणता बागायतदार पुढचे दिवस मोजतो. साधारणपणें दहा-बारा दिवसांत डोळे फुटूं लागतात, चाळीस दिवसांच्या आगेमागें फुलोरा येतो, तीन महिन्यांच्या सुमारास मण्यांत पाणी उतरतें, आणि चार ते साडेचार महिन्यांनीं माल काढणीस येतो. जात व हवामान ह्यांप्रमाणें ह्यांत फरक पडतो. तथापि अपेक्षित दिवस आधीं वहींत लिहून ठेवावा, व प्रत्यक्ष दिवस त्याच्यासमोर मांडावा. अपेक्षा लिहिलेली नसली, तर उशीर झाला हें तरी कशावरून ठरवावें ?

दुसरी गोष्ट अशी कीं, फळ मोजण्यापूर्वीं फळाचें कारण मोजावें. जानेवारी-फेब्रुवारींत डोळ्यांस दिसणाऱ्या घडांचा पाया आदल्या उन्हाळ्यांतच घातला जातो. खरड छाटणीनंतर सुमारें चाळीस ते साठ दिवसांच्या अवधींत, नव्या काडीच्या डोळ्यांत अतिसूक्ष्म घड तयार होत असतात. त्या वेळीं ढगाळ हवा फार राहिली, अथवा वेलीस फाजील जोर आला, तर घड कमी धरतात. पण बाहेरून बाग हिरवीगार दिसते! म्हणून फळछाटणीपूर्वीं काडीचे डोळे सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून कोणत्या डोळ्यावर छाटावें हें ठरविण्याची पद्धति आहे. आंबेगांव तालुक्यांत सातगांव पठारावर बटाट्याचें पीक होतें, तेथेंही हाच न्याय. पाला कितीही तजेलदार असो. मातींत काय चाललें आहे हें कळण्यास चार झाडें उपटूनच पाहावीं लागतात.

तिसरी गोष्ट, नमुना निवडण्याची. मण्यांची गोडी रिफ्रॅक्टोमीटर नांवाच्या छोट्या यंत्रानें मोजतात. परंतु घडाच्या वरच्या अंगाचे मणी बहुधा अधिक गोड असतात व टोंकाचे कमी. वाटेकडेच्या वेली आणि मधल्या ओळींतील वेली ह्यांतही भेद असतो. चांगलाच मणी पाहून यंत्रांत पिळला, तर यंत्र खोटें बोलत नाहीं, पण आपण स्वतःची फसवणूक करून घेतों. ओळी आधीं ठरवाव्या, आणि त्या ओळींत जें हातीं येईल तें मोजावें.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची; तिच्यासाठीं एक उदाहरण सोडवूं. समजा, एका बागेंत ४००० वेली आहेत. मणी-विरळणीचें काम १० दिवसांत उरकावयाचें असून मजुरीचा अंदाज ४०,००० रुपये आहे. चौथ्या दिवशीं सायंकाळीं १६,००० रुपये खर्च झाले. मालक म्हणतो, "चार दिवसांत चार दशांश पैसा गेला, सर्व यथास्थित आहे." परंतु वेली मोजल्या, तों १६०० च्या जागीं १२०० च झालेल्या. म्हणजे दर वेलीस १० रुपयांऐवजीं १३ रुपये ३३ पैसे पडले. ह्याच गतीनें एकूण खर्च सुमारें ५३,३०० रुपयांवर जाईल, आणि काम १० ऐवजीं १४ व्या दिवशीं संपेल. तोंपर्यंत मणी फुगून विरळणीची योग्य वेळ टळेल. खर्च झाला म्हणजे काम झालें, असें नव्हे. पैसा आणि काम हीं दोन्ही एकाच पानावर शेजारीं मांडलीं, तरच खरी स्थिति दिसते. चौथ्या दिवशीं ती दिसली, तर राहिलेल्या सहा दिवसांत रोज ४६७ वेली व्हाव्या म्हणून मजूर वाढवितां येतात. नवव्या दिवशीं कांहींच करतां येत नाहीं. जुन्नरचा विघ्नहर व आंबेगांवचा भीमाशंकर ह्यांसारख्या सहकारी साखर कारखान्यांत गळिताच्या हंगामांत रोजचें गाळप व साखर-उतारा मांडतात, तोही ह्याचसाठीं. उताऱ्यांत आज घट दिसली, तर तिचें कारण उद्यांच शोधतां येतें.

पांचवी गोष्ट एका कटु अनुभवानें शिकविली आहे. २०१० सालीं भारतांतून युरोपांत गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड ह्या द्रव्याचा अंश तेथील मर्यादेहून अधिक आढळला. वेलीची वाढ आवरण्यासाठीं तें वापरीत असत. मालाचे अनेक कंटेनर अडकून पडले व निर्यातदार आणि बागायतदार ह्यांस मोठी हानि सोसावी लागली. निर्यातीपूर्वीं प्रयोगशाळेंत तपासणी होत नव्हती असें नाहीं. पुष्कळ द्रव्यांची होत होती. परंतु तपासावयाच्या यादींत हें एक नांव नव्हतें. तेव्हां नियमित मोजमाप असूनही संकट येऊं शकतें. आपण काय मोजतों ह्याबरोबरच काय मोजावयाचें राहिलें आहे, हाही प्रश्न दर हंगामाच्या आरंभीं स्वतःस विचारला पाहिजे.

शेवटीं माणसांविषयीं दोन शब्द. मुकादम जर मालकाच्या रागास भिऊन "होत आलें" एवढेंच उत्तर देऊं लागला, तर वही कितीही सुबक असो, ती निरुपयोगी होय. वाईट बातमी वेळेवर आणणाऱ्यास दोष देऊं नये. उलट त्याचे आभार मानावे. तसेंच, आंकडा अमुक इतका घसरला तर काय करावयाचें, हें शांतपणें आधींच ठरवून ठेवावें. नोंद करून स्वस्थ बसणें, म्हणजे ताप मोजून औषध न देण्यासारखें आहे.

विद्यार्थी मित्रहो, ह्या कामास फार विद्वत्ता लागत नाहीं. एक वही, चार रकाने : ठरलेलें काम, झालेलें काम, ठरलेला खर्च, झालेला खर्च, आणि आठवड्याचा एक नेमलेला वार. तुमच्यांपैकीं पुष्कळांचे वडील पहांटेपासून रात्रीपर्यंत शेतांत वा दुकानांत राबतात. त्यांस मोजण्याची समज आहे, पण लिहिण्यास सवड नाहीं. त्यांच्याजवळ बसून ही वही तुम्हीं भरावी. कर्जाचा हप्ता दारांत येण्यापूर्वीं चार महिने जी सूचना मिळते, तिची किंमत घरांतल्या वडील माणसांस सांगावी लागत नाहीं. आणि पालकांसही विनंति कीं, मुलानें वहींतील आंकडा दाखविला असतां "तुला काय कळतें ?" असें न म्हणतां, क्षणभर थांबून तो पाहावा.