आर्ताची उपासना

गीतेचा आरंभ शोकाने होतो. नित्य पाठ करणाऱ्यांच्याही लक्षातून ही गोष्ट पुष्कळदा निसटते. पहिल्या अध्यायाला परंपरेने ‘अर्जुनविषादयोग’ असे नाव दिले आहे. विषाद हा योग कसा होईल? भगवंतापासून दूर नेणारा विषाद मोह होय. परंतु तोच विषाद भगवंतासमोर उघडा करून ठेवला की त्याचा योग होतो. अर्जुनाने धनुष्य खाली ठेवले, पण तो रथ सोडून गेला नाही. तो सारथ्याजवळच राहिला. शोकग्रस्त साधकाने प्रथम एवढेच शिकावयाचे आहे.

प्रश्न

ज्याच्या घरातून नुकतेच कोणी कायमचे गेले आहे, त्याच्या मनात एक प्रश्न उठल्यावाचून राहत नाही. ‘इतकी वर्षे देवाची पूजा केली, तिचे हेच का फळ?’ या प्रश्नाला नास्तिकपणा म्हणून झिडकारणे अन्यायाचे होईल. त्याचे उत्तर मात्र नीट शोधले पाहिजे.

भक्ताच्या घरी वियोग येणार नाही, असे वचन भगवंतांनी गीतेत कोठेही दिलेले नाही. उलट हे जग अनित्य व सुखरहित आहे, असे त्यांनी स्वतःच सांगितले आणि अशा जगात आल्यावर माझे भजन कर, असा उपदेश केला (गीता ९.३३). आपला भक्त नाश पावत नाही, हे वचन त्यांनी दिले आहे (९.३१). देह नाश पावणार नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. अभिमन्यू हा भगवंतांच्या बहिणीचा पुत्र. त्याचा पिता भगवंतांच्या रथात बसून लढत होता. तरी त्याच रणभूमीवर तो पडला. भगवंतांनी आपल्या भाच्यासाठीही मृत्यूचा नियम मोडला नाही. मग पूजा हे मृत्यूपासूनचे विमापत्र आहे, असे आपण कोणत्या आधारावर मानावे?

शोक करणे पाप आहे काय?

ज्ञानी शोक करीत नाहीत, या वचनाचा (२.११) आधार घेऊन कित्येक जण रडणाऱ्याला गप्प करतात. पण थोडे मागेपुढे वाचावे. पहिल्या अध्यायात अर्जुन मन मोकळे करीत असता भगवंत त्याला मध्ये अडवीत नाहीत. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी दोन श्लोकांत ते त्याला जागे करतात, परंतु आत्मज्ञानाचा उपदेश सुरू होतो तो, मी तुमचा शिष्य आहे असे अर्जुनाने म्हटल्यानंतर (२.७). न मागता दिलेले तत्त्वज्ञान दुःखिताला दगडासारखे लागते. समाचारास गेलेल्याने कर्मविपाकाची चर्चा काढू नये. जवळ बसावे, हे या क्रमावरून समजून घ्यावे.

पुढे भगवंत तितिक्षा सांगतात (२.१४). तितिक्षा म्हणजे सहन करणे. आणि जे जाणवतच नाही ते सहन करण्याचा प्रश्नच येत नाही. सहाव्या अध्यायात योग्याचे लक्षण सांगताना दुःखाला ‘गुरु’, म्हणजे भारी, हे विशेषण लावले आहे (६.२२). दुःख हलके आहे असे गीता म्हणत नाही. भारी दुःखानेही जो ढळत नाही त्याची स्थिती ती वर्णिते. चार प्रकारच्या भक्तांची गणना करताना तर पहिले नाव आर्ताचेच घेतले (७.१६), आणि त्या सर्वांना उदार म्हटले (७.१८). ज्ञानी अधिक प्रिय खरा, पण आर्ताला दाराबाहेर ठेवलेले नाही.

दिल्लीच्या परिसरातील साक्ष

दिल्लीहून जवळच, मेरठ जिल्ह्यात, हस्तिनापूर आहे. युद्ध संपल्यावर भगवंत द्वारकेस निघाले, तेव्हा तेथे कुंतीने केलेली स्तुती भागवताच्या पहिल्या स्कंधाच्या आठव्या अध्यायात आली आहे. कर्ण गेला होता, नातवंडे गेली होती. तरी तिने सुख मागितले नाही. ज्या संकटांत तुझे दर्शन घडले ती संकटे पुन्हा येवोत, असे तिचे मागणे होते. हे दुःखाचे प्रेम नव्हे. संकटात कोण जवळ होता, याची ती कृतज्ञ स्मृती आहे.

हे पुराणातले झाले, असे कोणी म्हणेल. तर १९४७ साल आठवावे. फाळणीत घरदार व आप्त गमावलेल्या लोकांची देशातील सर्वांत मोठी छावणी कुरुक्षेत्रावर पडली होती; सुमारे ३ लाख माणसे तेथे होती. त्या वर्षी १२ नोव्हेंबरला दिवाळी आली. महात्मा गांधींनी दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात जाऊन त्या निर्वासितांना उद्देशून भाषण केले. त्यांच्या सायंप्रार्थनेत स्थितप्रज्ञाचे श्लोक (२.५४–७२) म्हटले जात. २० जानेवारी १९४८ रोजी प्रार्थनास्थळाजवळ स्फोट झाला, तरी प्रार्थना थांबली नाही. आणि ३० जानेवारीला ते प्रार्थनेस निघाले असतानाच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

त्या आघातानंतर, १९४८ सालीच, विनोबा दिल्लीस आले व निर्वासितांच्या आणि मेवातातील मेव लोकांच्या पुनर्वसनासाठी झटले. ज्यांना गुरुस्थानी मानले त्यांच्या वियोगाचे दुःख त्यांनी इतरांच्या सेवेत अर्पण केले. तीस वर्षांपूर्वी, १९१८ साली, त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई निवर्तल्या होत्या. मराठीत सुलभ गीता असावी, ही त्यांची इच्छा. आईच्या पश्चात, १९३०–३१ मध्ये, पुत्राने ती ‘गीताई’ रचून पुरी केली. गेलेल्या माणसाची सदिच्छा आपल्या हातून पुरी करणे ही केवढी पूजा आहे!

साधन

यावरून साधकाने तीन गोष्टी कराव्यात. पहिली, उपासनेची वेळ मोडू नये. मन लागत नसेल तर न लागणाऱ्या मनासह बसावे. दुसरी, जे असेल ते अर्पावे. पान, फूल, फळ किंवा पाणी यांपैकी काहीही भगवंत स्वीकारतात (९.२६), ज्याच्यापाशी फक्त डोळ्यांतले पाणी उरले आहे, त्याने तेच वाहावे. तिसरी, आपल्यासारख्याच दुसऱ्या दुःखिताचा शोध घ्यावा, करुणा हे भक्ताचे लक्षण आहे (१२.१३).

एवढे केल्याने गेलेले माणूस परत येणार नाही, प्रश्नही कदाचित एका दिवसात मिटणार नाही. अर्जुनाचा मोह जाण्यास अठरा अध्याय लागले. तोवर भगवंतांनी रथाचे लगाम हातातून सोडले नाहीत, हे ध्यानी धरून आपण आपले आसन सोडू नये.